दहा नंबरचा खिळा

बैल विकले तेव्हा गोठा रिकामा झाला
असं मी म्हणत नाही. गोठ्यात काळीपिवळी आली.
गव्हाणीत ऑइलचे डबे,
दावणीच्या खुंट्याला टोचनाची साखळी,
आणि सारवलेल्या भुईवर एक शहाबादी फरशी,
जॅक रुतू नये म्हणून.

पहिली चूक वणीच्या बाजारात केली.
शेहेचाळीस गोट्यांची पेटी, आत लाल मखमल.
दुकानदार म्हणाला, ताई, जन्माची सोय झाली.
तिसऱ्याच नटाला रॅचेटचे दात निसटले,
बोटांची सालं बंपरवर राहिली.
जन्म तेवढाच होता.

कुडमेथेकाका एसटी डेपोतून रिटायर झालेले,
कुंपणापलीकडून बघत होते,
ओठात न पेटवलेली बिडी.
"बाजारात जाच्या आंधी गाडीखाली जा, पोट्टे.
नट मोज.
जो नटच नाही, त्याचा पाना कायले पाह्यजे?"

मोजले. दोन दिवस मोजले,
पोटावर पडून, पाठीवर पडून,
शाळेच्या उरलेल्या वहीत.
बारा, चौदा, सतरा. चाकांना एकोणीस.
आणि दहा, जिथं हात घालावा तिथं दहा,
तीळ सांडल्यासारखे.

मग पाने सुटे घेतले, एकेक.
तळहातावर तोलून, जबड्यावरून नख फिरवून,
वांगी निवडतात तसे.
दुकानदारानं या वेळी जन्माचं काही काढलं नाही.

जॅक मात्र चांगला घेतला, आणि दोन घोड्या.
सुखदेव म्हणाला, घोड्या कशाला, विटा आहेत की.
काका म्हणाले, "जॅक उचलते. धरून नाही ठेवत."
हेच पुन्हा म्हणाले, जरा हळू,
डाव्या हाताकडं बघत,
जिथं करंगळी नव्हती.
मी विचारलं नाही.
विटा न्हाणीपाशी लावून टाकल्या.

राहिला टॉर्कचा पाना.
साडेतीन हजार. सुखदेव दोन दिवस बोलला नाही,
काका मात्र पोट धरून हसले:
"चौतीस वर्षं इंजिनं बांधली म्या.
हाताले समजते किती आवळाचं. पान्याले इचारा लागते का?"

रात्री बल्बखाली चाकाला लावला.
आवळत गेले, आवळत गेले, आणि
कट्ट.
एवढंच.
आमच्या घरात इतकं पुरे
असं कुणी कधी नेमकं सांगितलं नव्हतं,
भाजीतल्या मिठाचंसुद्धा नाही.
मी तो नट सैल केला
आणि पुन्हा आवळला, नुसतं ऐकायला.

वैशाखात पाने सकाळीच आत घ्यावे लागतात,
नाहीतर दुपारी चिमट्यानं उचला.
तशाच एका दुपारी काकांनी पुतण्याच्या गाडीचं
ऑइल बदललं, हातानं, अंदाजानं.
खालच्या नटाचे आटे गेले.
रात्रभर ऑइल ठिबकलं,
सकाळी अंगणात काळं वर्तुळ, आणि त्यात मुंग्या.

संध्याकाळी ते फाटकातून आले.
कुंपणावरून नाही.
"तो कट्टवाला दे बरं."
मीही हसले नाही. फडक्यात गुंडाळून दिला.

परत आला तो पुसलेला,
मूठ उलटी फिरवून आकडा तळाला आणलेला,
आतली स्प्रिंग ताणलेली राहू नये म्हणून.
हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.
चौतीस वर्षांत कधीतरी
त्यांच्याही हातात होता म्हणायचा.

आता कोळशाचा ट्रक रस्त्यानं गेला
की भिंत हलते, खिळ्यांवरचे पाने वाजतात,
आठपासून एकोणीसपर्यंत, बारीक ते जाड.
मध्ये एक जागा गप्प असते.
दहाचा पुन्हा गेलाय.
गव्हाणीत पाहिलं, सीटखाली पाहिलं,
कोंबडीला उठवून पाहिलं.

कुंपणाशी जाऊन उभी राहिले तर काका म्हणतात,
"माह्याजवळ नाही वं."

मी अजून काही विचारलंच नव्हतं.